आधी जखम बुजते, मग अंग उगवते

समुद्रात तरंगणारा, आरपार दिसणारा, हाड नाही, कवच नाही, मेंदू नाही असा एक प्राणी. त्याच्या पिल्लाच्या शरीराचा तुकडा कापून काढला, तर जखम साधारण दोन तासांत बुजते आणि पुढच्या तीन-चार दिवसांत गेलेले अंग पुन्हा तयार होते. व्रण राहत नाही. नवा भाग कुठे संपतो आणि जुना कुठे सुरू होतो, हे सूक्ष्मदर्शकाखालीही सांगता येत नाही.

हा प्राणी म्हणजे कंगवाजेली. शास्त्रज्ञ त्याच्या संघाला टेनोफोरा म्हणतात. हरवलेले अंग पुन्हा उगवणारे प्राणी इतरही आहेत. पालीची शेपटी आपण सगळ्यांनीच पाहिलेली आहे. पण पालीच्या नव्या शेपटीत मणके येत नाहीत, त्यांच्या जागी कूर्चेची एक सलग नळी येते. कंगवाजेलीत जे उगवते ते मूळचेच, पूर्ण अंग असते. आणि ते उगवण्याची तिची रीत बाकीच्यांपेक्षा वेगळी आहे. माझ्या मते तिच्या वेगापेक्षा या रीतीकडे अधिक लक्ष द्यायला हवे, कारण जखम बुजणे आणि अंग उगवणे ही दोन कामे एकमेकांपासून किती अलग असू शकतात, हे या प्राण्यात फार स्वच्छ दिसते.

जेलीफिशपेक्षा वेगळी

नावात जेली असली तरी कंगवाजेली ही जेलीफिश नव्हे. जेलीफिश डंख मारते, कंगवाजेली मारत नाही. तिच्या शुंडकांवर डंखपेशींऐवजी चिकट पेशी असतात. पाण्यातले बारीक जीव त्यांना चिकटतात आणि तोंडाकडे ओढले जातात. अशी चिकट पेशी एकदाच वापरली जाते. शिकार पकडली की ती पेशी संपली, तिच्या जागी दुसरी हवी.

जेलीफिश छत्री मिटत-उघडत पोहते. कंगवाजेलीच्या अंगावर मात्र वरून खाली आठ रांगा असतात. प्रत्येक रांगेत छोट्या पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टी हजारो लांब रोम एकमेकांना जोडून बनलेली असते. या पट्ट्या म्हणजेच कंगवे. ते एकामागून एक हलतात आणि प्राणी पुढे सरकतो. रोमांच्या बळावर पोहणाऱ्या प्राण्यांत कंगवाजेली सर्वांत मोठी. कंगव्यांवरून इंद्रधनुष्याचे रंग धावताना दिसतात, तो पट्ट्यांच्या रचनेतून फाकलेला प्रकाश असतो. बऱ्याच जाती अंधारात स्वतःही उजळतात, पण ती क्रिया वेगळी.

तोंडाच्या विरुद्ध टोकाला तोल सांभाळणारे एक इंद्रिय असते. त्यात रोमांच्या चार झुपक्यांवर एक बारीक खडा पेललेला असतो. शरीर कलले की खडा एका झुपक्यावर अधिक भार टाकतो आणि त्या बाजूच्या कंगव्यांचा वेग बदलतो. मेंदू नसलेल्या या शरीरात मध्यवर्ती म्हणावे असे हेच काय ते ठिकाण. आणि तेही कापून टाकले तर पुन्हा उगवते.

बहुतेक प्रयोग ज्या जातीवर झाले तिचे नाव नेमिऑप्सिस लायडी. ही मूळची अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची. वाढलेल्या प्राण्याला दोन मोठे पातळ पाळे असतात. पिल्लू मात्र गोलसर, काही मिलिमीटरचे, दोन लांब शुंडके असलेले असते. ते पारदर्शक असल्यामुळे आत काय घडते आहे हे त्याला न मारता पाहता येते. संशोधकांसाठी ही मोठीच सोय आहे.

इतक्या नाजूक अंगाची रोजची मोडतोड

कंगवाजेलीच्या शरीराचा बहुतेक भाग पाणी आणि जेली. बाहेर पेशींचा एक पातळ थर, आत पचनमार्गाचा दुसरा, आणि मध्ये जेलीचा जाड थर. त्या जेलीत स्नायूपेशी आणि चेतापेशी विखुरलेल्या. असे शरीर लाटेने फाटते, माशाच्या चाव्याने तुटते, जाळ्यात चिंध्या होऊन वर येते. कित्येक जाती तर जाळ्यात हाती लागतच नाहीत. संशोधक पाण्यात उतरून त्यांना बरणीत अलगद धरू लागले, तेव्हा कुठे त्या नीट पाहता आल्या. जतन करण्याच्या द्रावणातही अनेक जाती विरघळल्यासारख्या होतात.

म्हणजे या प्राण्याला जखम ही रोजचीच. शुंडके तर सतत झिजतात. प्ल्युरोब्रॅकिया नावाच्या गोल कंगवाजेलीवर फ्रान्समध्ये झालेले काम 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शुंडकाच्या मुळाशी आणि कंगव्यांच्या रांगांशी मूलपेशींची राखीव ठिकाणे सापडली. शुंडकाच्या मुळाशी नव्या पेशी बनत राहतात आणि शुंडक तिथून बाहेर वाढत राहते. त्या मूलपेशींत पिवी आणि वासा ही जनुके चालू होती. ही जनुके इतर बऱ्याच प्राण्यांत अंडे आणि शुक्रपेशी बनवणाऱ्या पेशींची खूण मानली जातात. इथे ती शरीराच्या साध्या डागडुजीच्या पेशींतही काम करताना दिसली.

पहिले दोन तास

फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन इथे व्हिटनी सागरी जीवविज्ञान प्रयोगशाळा आहे. तिथे मार्क मार्टिंडेल आणि त्यांचे सहकारी कंगवाजेलीवर दीर्घकाळ काम करत आले आहेत. या गटाने 2019 मध्ये नेमिऑप्सिसच्या पिल्लांवरचा एक सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. काही पिल्लांचे तोल-इंद्रिय कापले, काहींच्या कंगव्यांच्या रांगा काढल्या, काहींचे शरीर कापून वेगळे केले आणि मग तासातासाने काय घडते ते पाहिले.

कापल्याबरोबर जखमेच्या कडा आत ओढल्या जातात. कडेच्या पेशी उघड्या पडलेल्या जेलीवरून सरकत समोरासमोर येतात आणि एकमेकींना भिडतात. दोन-एक तासांत वरचा थर सलग होतो. या टप्प्यात नवी पेशी एकही लागत नाही. जवळ आहेत त्याच पेशी ताणून, सरकून भोक बुजवतात.

हे सिद्ध कसे केले? त्यांनी पाण्यात हायड्रॉक्सियुरिया मिसळले. विदर्भात आणि नंदुरबार भागात सिकलसेलच्या रुग्णांना डॉक्टर जे औषध देतात, तेच हे. त्याचा एक परिणाम म्हणजे पेशी आपल्या डीएनएची नक्कल करू शकत नाही आणि म्हणून दुभंगू शकत नाही. असे पेशीविभाजन थांबवलेल्या पिल्लांचीही जखम नेहमीसारखीच बुजली, व्रण न ठेवता. म्हणजे बुजण्याचे काम विभाजनावर अवलंबून नाही.

मग उगवण

जखम बंद झाल्यावर काही तास बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. त्यानंतर कापलेल्या जागेजवळच्या पेशी दुभंगू लागतात. नव्याने बनणाऱ्या डीएनएत शिरणारे आणि नंतर चमकवता येणारे एक रसायन दिले की अशा पेशी सूक्ष्मदर्शकाखाली उजळून दिसतात. त्यांची गर्दी जखमेच्या जागी वाढत जाते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास तोल-इंद्रिय, खड्यासकट, पुन्हा जागेवर असते. कंगव्यांच्या रांगांना थोडा अधिक वेळ लागतो.

हायड्रॉक्सियुरियात ठेवलेल्या पिल्लांत ही दुसरी पायरी आलीच नाही. जखम बुजलेली, पण अंग नाही. याचा अर्थ या प्राण्यात नवे अंग जुन्या पेशींची नुसती फेररचना करून बनत नाही. हायड्रा या गोड्या पाण्यातल्या जीवाशी ताडून पाहिले की फरक कळतो. हायड्राचे डोके कापले तर पेशीविभाजन रोखूनही नवे डोके येऊ शकते, कारण उरलेल्या पेशीच नवी भूमिका घेतात. कंगवाजेलीला नव्या पेशी लागतातच.

या अभ्यासातला सर्वांत मोलाचा प्रयोग याच्या पुढचा आहे. जखम बुजून गेलेली, औषधामुळे उगवण रोखलेली पिल्ले काही दिवसांनी स्वच्छ समुद्रपाण्यात सोडली. नवी जखम केली नाही, जुनी उकलली नाही. तरीही उगवण सुरू झाली आणि हरवलेले अंग पूर्ण तयार झाले.

हे किती विशेष आहे ते न्यूटकडे पाहून समजते. न्यूट हा सॅलॅमँडरच्या कुळातला, पाय पुन्हा उगवणारा उभयचर. त्याच्या कापलेल्या पायाच्या टोकावर पूर्ण जाडीची कातडी ओढून शिवली, तर पाय उगवत नाही. उघड्या जखमेवर जो खास पातळ थर चढतो त्याच्या इशाऱ्यांवरच तिथली उगवण चालते. तो थर आला नाही की संधी गेली. कंगवाजेलीत जखम पूर्ण बुजून, दिवस उलटूनही संधी जात नाही. काहीतरी कमी आहे ही माहिती शरीरात टिकून राहते आणि अडथळा दूर होताच काम सुरू होते.

साठा न करता बांधकाम

सॅलॅमँडर, पाण्यातला चपटा कृमी प्लॅनेरिया, झेब्रामासा हे उगवणीच्या अभ्यासातले नावाजलेले प्राणी. या सगळ्यांत कापलेल्या टोकाला आधी अविशेषित पेशींचा एक उंचवटा जमतो. त्याला ब्लास्टेमा म्हणतात. घर बांधण्याआधी दारात वाळू-विटांचा ढीग पडावा तसा हा साठा असतो. त्यातून मग हाड, स्नायू, कातडी अशी एकेक ऊती घडते. बराच काळ असे समजले जाई की विभाजनातून अंग उगवायचे तर ब्लास्टेमा हवाच.

नेमिऑप्सिसच्या पिल्लात असा उंचवटा कुठेच दिसला नाही. नव्या पेशी बनतात आणि जवळजवळ लगेच, त्याच जागी, आपले ठरलेले काम घेतात.

मग या पेशी येतात कुठून? पहिला संशय साहजिकच शुंडकांच्या मुळांवर गेला, कारण शरीरात सर्वांत जास्त विभाजन तिथेच चालते. संशोधकांनी तिथल्या पेशींवर आधीच खूण करून ठेवली आणि मग दुसरीकडे जखम केली. खूण केलेल्या पेशी नव्या अंगात आल्याचे दिसले नाही. शुंडकांची मुळेच काढून टाकली, तरीही उगवण झाली. म्हणजे सामग्री दुरून येत नाही, ती जखमेच्या शेजारीच तयार होते.

एक कंगवा कसा बनतो

कंगव्यांच्या पुनर्निर्मितीचे सर्वांत बारकाईचे वर्णन सिडनी टॅम यांनी 2012 मध्ये केले. टॅम यांनी आयुष्याचा मोठा भाग रोमांच्या हालचालीच्या अभ्यासात घालवला आणि कंगवाजेली हा त्यांचा आवडीचा प्राणी होता.

रांगेतले काही कंगवे कापून काढले की जखम बुजते आणि कापाच्या दोन्ही बाजूंचे कंगवे एकमेकांपासून बरेच दूर राहतात. त्यांच्यामधून रोमांची एक अरुंद पन्हळ जाते. ही पन्हळ एका कंगव्याकडून पुढच्याकडे हालचालीचा इशारा पोचवते. नवा कंगवा येण्याची पहिली खूण म्हणजे ही पन्हळ एका ठिकाणी थोडी रुंद होते. मग तिच्या दोन्ही बाजूंना रोमांचे दोन समोरासमोरचे गट उगवतात. सुरुवातीला कंगवा असा दुभंगलेला, दोन अर्ध्यांचा असतो. दोन्ही अर्धे लांबीला आणि रुंदीला वाढत जातात आणि अखेर जुळून एक पट्टी होतात.

रिकाम्या जागेत असे कंगवे अनेक ठिकाणी, मागेपुढे रुजतात आणि अंतर भरून निघते. या वर्णनात मला पन्हळीचे स्थान महत्त्वाचे वाटते. पोहताना जी वाट इशारे नेते, तीच वाट नवा कंगवा कुठे बसायचा ते दाखवते.

गर्भाला जे जमत नाही

आता या प्राण्यातले खरे कोडे. ते सव्वाशेहून अधिक वर्षे जुने आहे आणि त्याचा उगम जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल खून यांच्या कामात आहे.

कंगवाजेलीचे फलित अंडे दुभंगून दोन पेशी होतात, मग चार, मग आठ. या पहिल्या चिरा वाटेल तिथे पडत नाहीत. पुढे प्राण्याच्या शरीराचे जे अक्ष होणार, त्यांच्या रेषेतच त्या पडतात. खून यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दोन पेशींच्या अवस्थेतल्या गर्भाच्या पेशी एकमेकींपासून अलग केल्या. प्रत्येक पेशीपासून पिल्लू तयार झाले, पण आठऐवजी चारच रांगांचे. नंतरच्या संशोधकांनी चार पेशींच्या अवस्थेत तेच केले, तेव्हा प्रत्येकीपासून दोन रांगांचे पाव पिल्लू मिळाले. अंड्यातच ठरलेले असते की कुठल्या भागातून काय होणार. शेजारीण गेली म्हणून उरलेली पेशी तिचे काम उचलत नाही.

त्या काळात हा शोध फार गाजला, कारण त्याच सुमारास, 1891 मध्ये, हान्स ड्रीश यांनी सागरी अर्चिनच्या गर्भाच्या दोन पेशी सुट्या केल्या होत्या आणि त्यांना प्रत्येकीपासून लहान पण पूर्ण पिल्लू मिळाले होते. अर्चिनचा गर्भ तुटवडा भरून काढतो, कंगवाजेलीचा काढत नाही. ड्रीश आणि थॉमस हंट मॉर्गन यांनी 1895 मध्ये नेपल्सच्या समुद्रकेंद्रात बसून बेरोई या कंगवाजेलीच्या अंड्यांवर मिळून प्रयोग केले. अंड्याचा नुसता बाहेरचा तुकडा काढला, केंद्रकाला धक्का लावला नाही, तरीही पिल्लात कंगव्यांची उणीव राहू शकते असे त्यांना आढळले. मॉर्गन पुढे फळमाशीवरच्या कामासाठी नोबेल मिळवणार होते. पण त्याआधी त्यांनी 1901 मध्ये पुनर्निर्मितीवर एक मोठा ग्रंथ लिहिला, आणि आजही या क्षेत्रातल्या संकल्पनांची सुरुवात त्याच ग्रंथापाशी होते.

तर गर्भ इतका ताठर, आणि त्याच गर्भापासून झालेले पिल्लू मात्र काही दिवसांत कुठलेही अंग परत बनवणारे. हा विरोध कसा समजून घ्यायचा?

जॉनथन हेन्री आणि मार्टिंडेल यांनी 2000 च्या सुमारास गर्भातल्या ठरावीक पेशी मारून पुढे काय होते ते तपासले. आधीच्या, 1986 च्या कामात मार्टिंडेल यांनी अर्ध्या प्राण्यांचा मागोवा घेतला होता. दोन्हींतून चित्र असे उभे राहिले: गर्भाची ठरलेली वाढ जवळजवळ पूर्ण होईपर्यंत उणीव तशीच राहते. पिल्लू बनून तयार झाल्यानंतर पुनर्निर्मितीची यंत्रणा जागी होते आणि तेव्हा, पुष्कळदा, जन्मापासून नसलेले अंगसुद्धा उगवते.

यातला शेवटचा भाग मला फार आश्चर्याचा वाटतो. ज्या पिल्लाला चारच रांगा होत्या, त्याने आठ रांगा कधी अनुभवलेल्याच नव्हत्या. कापण्याची जखमही त्याला झालेली नव्हती, कारण उणीव पेशींच्याच पातळीवर, पहिल्या तासांत निर्माण झाली होती. तरीही शरीर आठकडे जाते. म्हणजे उगवण सुरू होण्यासाठी जखमेचा धक्का अनिवार्य नाही. शरीराच्या आखणीत काय अपुरे आहे, हे ते जखमेशिवायही ओळखते. औषध उतरल्यावर बुजलेल्या जखमेतून अंग उगवले, त्या प्रयोगाशी हे अगदी जुळते.

काही अर्धेच राहतात

प्रत्येक वेळी मात्र असे घडत नाही. मार्टिंडेल यांच्या अर्ध्या प्राण्यांपैकी काही पूर्ण झाले, तर काही अर्धेच राहिले आणि तसेच जगले, खात-पोहत राहिले. प्रौढ प्राणी उभा कापला तरीही दोन्ही प्रकार दिसतात.

समुद्रतळावर सरपटणाऱ्या व्हॅलिक्युला या चपट्या कंगवाजेलीवर गॅरी फ्रीमन यांनी 1967 मध्ये जे काम प्रसिद्ध केले, त्यातही तोल-इंद्रियाचा किती भाग तुकड्यात उरला यावर पुढची घडण अवलंबून असल्याचे दिसले. तोल-इंद्रिय शरीराच्या आखणीचे जणू मध्यबिंदूच आहे. अर्धे इंद्रिय जसेच्या तसे तग धरून राहिले, तर त्याच्याभोवतीचे शरीरही अर्धेपणावर थांबू शकते.

या सरपटणाऱ्या गटात पुनर्निर्मिती ही प्रजननाची रीतही बनली आहे. प्राणी पुढे सरकताना कडेचे लहान तुकडे मागे सुटतात आणि प्रत्येक तुकडा वाढून पूर्ण प्राणी होतो.

जेलीफिश हाच प्रश्न कसा सोडवते

आठ हात असलेल्या मून जेलीफिशच्या पिल्लाचे काही हात कापले, तर ते नवे हात उगवत नाही. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी 2015 मध्ये दाखवले की उरलेले हात सरकून समान अंतरावर बसतात आणि शरीराची सममिती परत येते. पोहायला सममिती पुरेशी आहे, संख्या नाही. दोन्ही प्राणी पाण्यात शेजारी तरंगतात, दोन्ही जेलीचे, पण एक फेरमांडणी करतो आणि दुसरा नव्याने घडवतो.

दोन जखमी, एक शरीर

मॅसॅच्युसेट्समधील वुड्स होल इथल्या सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत केई जोकुरा यांना टाकीत एक विचित्र मोठी कंगवाजेली दिसली. तिला दोन तोल-इंद्रिये होती. दोन जखमी प्राणी जुळून एक झाले असावेत, असा तर्क करून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रयोग लावला. वेगवेगळ्या ठिकाणच्या प्राण्यांच्या पाळ्यांचा थोडा भाग कापून त्यांना जोडीजोडीने रात्रभर एकमेकांलगत ठेवले. दहापैकी नऊ जोड्या जुळल्या. 2024 मध्ये हे काम प्रसिद्ध झाले.

जुळणी नुसत्या कातडीची नव्हती. एका बाजूला टोचले की दोन्ही बाजू आक्रसत. सुरुवातीच्या तासात दोघांच्या हालचाली वेगवेगळ्या होत्या. दोन तासांत स्नायूंची 95 टक्के आकुंचने एकाच वेळी होऊ लागली. एका तोंडाने खाल्लेले अन्न दोघांच्या पचननलिकांतून फिरले.

मूत्रपिंड बदलताना आपल्या शरीराची परके ओळखून नाकारण्याची सवय किती त्रास देते, हे रुग्णांच्या घरच्यांना ठाऊक असते. कंगवाजेलीत असा नकार दिसत नाही. आपली पेशी आणि दुसऱ्याची पेशी यांतला भेद करणारी यंत्रणा तिच्यात नसावी, असे संशोधक मानतात. चेतापेशी इतक्या झटपट कशा जुळल्या, याला 2023 मधल्या एका शोधाची पार्श्वभूमी आहे. पावेल बुर्कहार्ट यांच्या गटाने नेमिऑप्सिसच्या पिल्लात दाखवले की चेताजाळ्यातल्या काही पेशी आपल्या चेतापेशींसारख्या बारीक फटीने वेगळ्या नसतात. त्यांचे पटल सलग असते, म्हणजे त्या एकमेकींत विलीन झालेल्या असतात.

प्रौढातून पुन्हा पिल्लू

त्याच 2024 मध्ये नॉर्वेतील बर्गन विद्यापीठातून जोन सोटो-आंखेल आणि बुर्कहार्ट यांचा आणखी एक शोध आला. पाळे असलेल्या नेमिऑप्सिसना उपाशी ठेवले, काहींचे पाळे कापले. बऱ्याच आठवड्यांत 65 पैकी 13 प्राणी आक्रसत पुन्हा शुंडके असलेल्या पिल्लाच्या रूपात गेले. रूपच नव्हे, शिकार पकडण्याची रीतही पिल्लाचीच. अन्न मिळाल्यावर ते पुन्हा वाढले.

पुनर्निर्मितीशी याचा संबंध जवळचा आहे. पाळे कापलेल्या प्राण्यापुढे दोन वाटा असतात. अन्न मुबलक असेल तर पाळे पुन्हा उगवायचे. नसेल तर पाळे लागतच नाहीत अशा लहान शरीरात परतायचे. शरीराची आखणी एकच पक्की नाही, परिस्थितीनुसार तिच्यातली अवस्था निवडता येते.

हा प्राणी कुठल्या फांदीवर

नेमिऑप्सिसचा जनुकसंच 2013 मध्ये वाचला गेला, प्ल्युरोब्रॅकियाचा 2014 मध्ये. तेव्हापासून वाद पेटला की प्राण्यांच्या वंशवृक्षावर सर्वांत आधी फुटलेली फांदी स्पंजाची की कंगवाजेलीची. गुणसूत्रांवर जनुके कुठल्या गटाने बसली आहेत याच्या 2023 मधल्या तुलनेने कंगवाजेलीच्या बाजूने जोरदार पुरावा दिला. वाद पूर्ण मिटलेला नाही.

पण ती फांदी फार जुनी आहे यात शंका नाही. आपल्या आणि बहुतेक प्राण्यांच्या शरीराची आखणी करणारी हॉक्स जनुके कंगवाजेलीत नाहीत. मायक्रो-आरएनए नाहीत. तरीही ती आठ रांगांचे गणित अचूक पुरे करते. म्हणून पुनर्निर्मितीचा अभ्यास करणाऱ्यांना तिची एवढी ओढ. जे सॅलॅमँडरमध्ये, प्लॅनेरियात आणि कंगवाजेलीत सारखे सापडेल, ते कदाचित प्राणिजगताच्या अगदी आरंभापासूनचे असेल. ब्लास्टेमा मात्र त्या यादीतून आताच गळू लागला आहे.

न उगवणारी बेरोई

नेमिऑप्सिस जहाजांच्या तोलपाण्यातून 1980 च्या दशकात काळ्या समुद्रात पोचली. ती उभयलिंगी आहे, एकटीच स्वतःची अंडी फलित करू शकते आणि दिवसाला हजारो अंडी घालते. मासळीचे खाद्य आणि मासळीची अंडी ती खात सुटली. आधीच बेसुमार मासेमारीने खिळखिळा झालेला तिथला अँकोव्हीचा धंदा दशकाच्या अखेरीस कोसळला. 1997 मध्ये तिच्या मागोमाग बेरोई ओव्हाटा आली. बेरोई ही कंगवाजेली खाणारी कंगवाजेली. तिला शुंडके नाहीत. मोठ्या तोंडाने ती भक्ष्य अख्खे गिळते, किंवा तोंडाच्या आतल्या कडेला असलेल्या, दातांसारख्या ताठर रोमगुच्छांनी त्याचे लचके तोडते. ती आल्यावर नेमिऑप्सिसचा जोर ओसरला.

हीच बेरोई आपल्या हरवलेल्या अंगांची पुनर्निर्मिती करत नाही. तिच्या जखमा बुजतात, पण कापलेला कंगवा किंवा तोल-इंद्रिय परत येत नाही. कंगवाजेलींच्या ज्या गटांवर काम झाले आहे, त्यांत असे वागणारा हाच एक. वंशवृक्षावर ती उगवणाऱ्या जातींच्या मधोमध बसते, म्हणजे ही क्षमता तिच्या पूर्वजांत होती आणि पुढे हरवली.

माणसाच्या दृष्टीने बेरोई नेमिऑप्सिसइतकीच कामाची आहे. आपलेही तसेच आहे: जखम बुजते, अंग येत नाही. पण माणूस आणि सॅलॅमँडर यांची तुलना करताना इतके फरक आडवे येतात की नेमका कुठला फरक उगवणीचा, हे वेगळे काढणे कठीण जाते. नेमिऑप्सिस आणि बेरोई सख्ख्या नात्यातल्या. दोघींची अंगरचना जवळची, दोघींची जखम बुजण्याची पहिली पायरी सारखी. फरक दुसऱ्या पायरीत आहे. बेरोई ओव्हाटाचाही जनुकसंच आता वाचून झाला आहे. त्यामुळे दोघींना एकाच जागी कापून, जखम बुजल्यानंतरच्या त्या शांत तासांत कुठली जनुके एकीत जागी होतात आणि दुसरीत होत नाहीत, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.